इंजिनाचं नाक

दुसऱ्या दिवशी मुलीच्या साखरपुड्याला धुळ्याला निघायचं होतं आणि आमच्या जुन्या गाडीतून जागोजागी तेल गळत होतं. गोडादरा या आमच्या कापडाच्या लूमांच्या वस्तीतल्या एका खानदेशी मिस्त्रीने इंजिनावरच्या नळीतून साडीची चिंधी ओढून काढली.

"ही कोणी कोंबली, भाऊ?"

"मीच. लूमची रुई आत जाऊ नये म्हणून!"

"इंजिनालाबी श्वास लागतो. तुम्ही त्याचं नाकच दाबलं, मग तेल मिळेल तिथून बाहेर येणारच!"

इंजिनाच्या पोटातली वाफ ओढून घेणारा अंगठ्याएवढा व्हॉल्व्ह त्याने काढला आणि मान तिरकी करून कानाशी हलवला. आवाज नाही. पेट्रोलने धुऊन पुन्हा हलवला. खुळखुळ! मी तर टाळ्याच वाजवल्या.

"वाजतो, म्हणजे जिता आहे," तो म्हणाला.

धुळ्याला वेळेवर पोचलो. मिस्त्रीचं नाव विचारायचं मात्र राहूनच गेलं. अजूनही घरात काही बंद पडलं, की मी मान तिरकी करून ते कानाशी हलवतो. पुढचं काही येत नाही.