आयुष्यभराची वॉरंटी, पहिल्या मालकाची

आमच्या मामाला घरात शिक्केमामा म्हणतात. वाद्यं बनवणाऱ्या एका कंपनीच्या दुरुस्ती केंद्रात तो सव्वीस वर्षं एकाच टेबलाशी बसतोय. लोकांनी आणलेली गिटार, व्हायोलिन वॉरंटीत बसते की नाही, ते तो ठरवतो. म्हणजे ठरवते कंपनी, शिव्या खातो मामा. कार्डावर ठळक अक्षरांत ‘आयुष्यभराची वॉरंटी’ असं छापलेलं असतं. आयुष्य कुणाचं, ते खाली मुंगीएवढ्या अक्षरांत: पहिल्या खरेदीदाराचं. वाद्य एकदा दुसऱ्याच्या हातात गेलं की वॉरंटी संपली, मग चूक कारखान्याची का असेना.

“डिंक काय मालक बघून सुटतो?” असं मामा वैतागून म्हणतो, पण घरी. ऑफिसात त्याने एक पळवाट काढली होती. ‘पहिले खरेदीदार आपणच का?’ हा फॉर्मवरचा प्रश्न तो तसा विचारायचाच नाही. स्वतःच मान डोलवत म्हणायचा, “तुमचीच ना?” समोरचाही मान डोलवायचा, की मामा शिक्का मारून मोकळा. या हुशारीचा त्याला फार अभिमान होता, आणि मला त्या अभिमानाचा कंटाळा.

मग ती गिटार शिकवणारी बाई आली. घरोघरी जाऊन मुलांना शिकवायची आणि गिटार तिच्याकडे एवढी एकच. तारा ज्या पट्टीला अडकवतात ती पट्टीच उखडत आली होती. मामाने छोटा आरसा आत घालून पाहिलं. डिंक अर्ध्याच भागाला लागला होता, चूक सरळसरळ कारखान्याची.

“तुमचीच ना?” मामाने मान डोलावली.

“हो, तीन महिन्यांपूर्वी जुनी घेतली.”

“म्हणजे तुमचीच.”

“नाही हो, आधी एका गृहस्थांची होती. हे बघा, त्यांचं बिलही आणलंय.”

मामाने कपाळाला हात लावला. बिल टेबलावर आल्यावर डोळेझाक तरी कशी करणार? “खरं बोलणारी माणसं फार दमवतात गं,” असं तो नंतर मला म्हणाला.

पण तिला हात हलवत परत पाठवणं त्याच्या जिवावर आलं. त्याने बिलावरच्या माणसालाच फोन लावला. एकदा येऊन सही करा, म्हणाला. तो माणूस आला, फॉर्म त्याच्या नावाने भरला, सही करून गेला. “पंधरा दिवसांत दुरुस्त होऊन येईल,” असं मामाने बाईला छातीठोकपणे सांगितलं.

कारखान्याने ती दुरुस्त केलीच नाही. त्या वेळच्या सगळ्याच गिटारींना डिंक कमी पडला होता, म्हणून त्यांनी कोरी करकरीत गिटार पाठवली, तीही थेट फॉर्मवरच्या पत्त्यावर. मामाला कळलं ते आठवड्याने. त्याने घाईघाईने त्या माणसाला फोन केला.

“मी त्यांना जुनी विकली होती, साहेब,” पलीकडून शांतपणे उत्तर आलं. “नवी कुठे विकली?”

मामा त्याच्या घरी दोनदा जाऊन आला. दार उघडलं नाही. निदान जुनी तरी परत द्या, म्हणून त्याने कारखान्याला विनवलं. बदलून दिलेलं वाद्य लगेच मोडून टाकतात, हे त्याला काय माहीत नव्हतं? तरी विचारलं.

सोळाव्या दिवशी बाई आली. तोवर ती मुलांच्याच गिटारी मागून घेऊन शिकवत होती, आणि दोन घरांनी शिकवणी बंदही केली होती. मामाने काही न लपवता सगळं सांगितलं. ती भांडेल म्हणून त्याने आधीच पाणी मागवून ठेवलं होतं. ती भांडली नाही.

“त्या दिवशी मी नुसतं हो म्हटलं असतं, तर फॉर्मवर माझं नाव असतं. गिटार माझ्याकडेच आली असती ना?”

“हो.”

“बरं. पुढच्या वेळी तसंच म्हणेन,” ती म्हणाली आणि निघून गेली.

हे सगळं मामाने मला घरी आल्यावर सांगितलं. “ओरडली असती तर बरं झालं असतं गं,” एवढंच म्हणाला.