धरून ठेवलेली जागा

अकोल्याच्या बसस्थानकावर दर्यापूरची गाडी लागली होती. चाळीसएक वर्षांपूर्वीची सोमवारची सकाळ. मी दर्यापूरच्या शाळेत नुकतीच शिक्षिका झाले होते आणि घरून आईने दिलेला डबा सांभाळत गाडीत चढले होते. एकच जागा रिकामी दिसली. तिच्यावर कुणीतरी खिडकीतून चौकड्यांचा रुमाल टाकला होता. शेजारच्या बाईंना “एक्स्क्यूज मी” म्हणून मी तो रुमाल बाजूला सारू लागले, तोच कंडक्टरचा आवाज आला.

“बाई, तो रुमाल दिसून नाही राहिला काय?”

“रुमाल दिसतो आहे. माणूस कुठे दिसतो आहे?”

“रुमाल टाकला म्हणजे माणूस येणार हाय. कॉन्व्हेंटात नाही शिकवलं काय हे?”

गाडी सुटायच्या बेतात एक वृद्ध गृहस्थ पाण्याचा तांब्या घेऊन धापा टाकत आले आणि त्या जागेवर बसले. मी दर्यापूरपर्यंत उभी राहिले. ते कंडक्टर म्हणजे श्री. शांतवनभाऊ. ज्यांच्या पंच्याहत्तरीनिमित्त आमच्या चर्चची मंडळी हा गौरवग्रंथ काढत आहे, त्यांच्याशी माझी ओळख अशी भांडणातून झाली. पुढच्या रविवारी मी दर्यापूरच्या चर्चमध्ये गेले, तर दारात गीतांची पुस्तके वाटत तेच उभे. “या बाई. आज बसायले भेटन,” म्हणाले. पुढे याच मंडळीतले वसंत माझे यजमान झाले आणि शांतवनभाऊ आमच्या घरचेच झाले.

त्या काळी उपासनेला उशिरा येणाऱ्याला मागे उभे राहावे लागे. प्रत्येक घराचा बाक ठरलेला होता. मग मुले शिकली, अमरावतीला, नागपूरला, पुण्याला गेली, आणि त्यांच्यामागे आईवडीलही गेले. कुणाचे भांडण नाही, कुणी धर्म सोडला नाही. बाक मात्र रिकामे झाले. आता रविवारी आम्ही नऊ जण असतो. पंखा बंद असला तर गीताचे पान उलटल्याचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जातो.

भाऊ एसटीतून निवृत्त झाले तेव्हा त्यांनी आपल्या खाकी शर्टांचे वीतभर तुकडे कापले. त्यांच्या पत्नी शालिनीताईंनी त्यांच्या कडा शिवून दिल्या. तेव्हापासून दर रविवारी उपासनेच्या तासभर आधी भाऊ चर्च उघडतात, रिकाम्या बाकांवर माणशी एकेक रुमाल टाकतात, आणि प्रत्येक बाकापाशी थांबून त्या घरच्या माणसांची नावे घेऊन प्रार्थना करतात. शालिनीताई गेल्यानंतरही यात खंड पडला नाही. एकदा नाताळला पुण्याहून एक बाई बऱ्याच वर्षांनी आल्या. वडिलांच्या बाकावर खाकी रुमाल पाहून त्या तो हातात घेऊन पहिले गीत संपेपर्यंत उभ्याच राहिल्या. भाऊंनी त्यांना मागून हळूच सांगितले, “बसा आता. गाडी तुमच्यासाठीच थांबून होती.”

उपासना चालवणारे आमचे तरुण पाळक नवीन आले तेव्हा त्यांना हे ठाऊक नव्हते. मंडळीच्या पंचांनी फडकी काढून ठेवली आहेत असे समजून त्यांनी त्याच रुमालांनी सगळे बाक पुसून काढले आणि रुमाल बादलीत बुडवले. भाऊ आले, त्यांनी बादलीत पाहिले. आम्हाला वाटले, आता काही खरे नाही. भाऊ बाह्या सरसावत म्हणाले, “बरं झालं पाळकसाहेब, धुवायले झालेच होते. चला, पिळा माह्यासंग.” दोघांनी ते ओलेच रुमाल बाकांवर टाकले. पिळता पिळता भाऊंनी त्यांना सगळ्या घरांची नावे सांगितली होती.

आता जे लिहायचे ते माझ्याविषयी आहे, पण ते वगळून भाऊंविषयी लिहिता येणार नाही. वसंत गेले, आणि मी चर्चला जाणे बंद केले. कॉन्व्हेंटच्या शाळेत सिस्टरांनी मला प्रार्थना शिकवली होती, पाठ, स्वच्छ उच्चारांत. वसंतांच्या आजारपणात मी ती सारी म्हटली. नंतर शब्द आठवत, पण म्हणावेसे वाटत नसे. मुलगा बंगळूरला. घरात दोन खुर्च्या. संध्याकाळी मी कुकर लावायची तो आवाज व्हावा म्हणून.

दर रविवारी दुपारी भाऊ फाटकाशी सायकल उभी करून एवढेच सांगत, “बाई, रुमाल टाकला होता,” आणि जात. त्यांनी कधी बायबलचे वचन ऐकवले नाही, की देवाची इच्छा म्हणून समजूत घातली नाही. वर्ष उलटले तेव्हा मी चिडले.

“उचला तो रुमाल, भाऊ. मी येणार नाही.”

“गाडीत मी कधी कोणाचा रुमाल उचलला नाही. ज्याचा त्यानं येऊन उचलावा.”

“तुम्हाला तरी रोज वाटते का, की देव ऐकतो?”

ते सायकलची घंटी पुसत म्हणाले, “रोज कुठं वाटते? शालिनी गेली तवा सात महिने काहीच वाटलं नाही. तरी जात होतो, ड्युटीले जावं तसा. माह्यं मन जागेवर नव्हतं, पण देवानं माही जागा दुसऱ्याले देल्ली नाही. हे मले मागून समजलं.”

त्यानंतरच्या रविवारी मी गेले, ती रुमाल उचलून परत देण्याच्या हेतूने. आमच्या बाकावर एकच रुमाल होता. मला राग आला.

“आम्ही दोघे बसत होतो, भाऊ.”

“वसंतभाऊची जागा धरून झाली हाय, बाई,” ते म्हणाले. “धरणारा दुसरा हाय. ते आता माह्या हातचं काम नाही.”

मी रुमाल उचलला आणि बसले. त्या दिवशी मला प्रार्थना आली नाही, पण मी उठूनही गेले नाही. पुढे केव्हातरी, चर्चबाहेरच्या चिंचेच्या फांद्या खिडकीला घासत असताना, मी वसंतांचे नाव देवापुढे घेतले, आणि मला ते रिकाम्या घरात हाक मारल्यासारखे वाटले नाही. माझा विश्वास म्हणतात तो एवढाच आहे. एकटेपण गेलेले नाही. त्यात आता कुणीतरी शेजारी बसलेले असते.

भाऊंची नजर अधू झाली आहे. पुढच्या महिन्यात मुलगी त्यांना कायमचे नागपूरला नेणार आहे. त्यांच्या डोळ्यांना देवाने उजेड द्यावा, गुडघ्यांना बळ द्यावे, आणि नागपुरातही कुणाला तरी रागावण्याइतके दांडगे आयुष्य त्यांना लाभावे, ही आम्हा बाकीच्या आठ जणांची मागणी आहे. माझा लेख ऐकून ते म्हणाले, “माहं कौतुक पुरे. कामाचं लिहा. मंडळीच्या पंचायतीत नंतर भांडणं नको.” म्हणून त्यांनी सांगितले तसे लिहिते.

चर्चची किल्ली पाळकांकडे राहील. सुरांच्या खुणा केलेले गीतांचे पुस्तकही त्यांनाच द्यावे. त्यांचा आवाज चांगला आहे, पट्टी सांभाळावी. पाय ठेवायचे लाकडी स्टूल आमच्यातल्या सुलोचनाबाईंना द्यावे, त्यांचे पाय जमिनीला टेकत नाहीत. सायकल चर्चचे चौकीदार नामदेव यांना. ते आपल्या मंडळीतले नाहीत, पण घंटा वेळेवर तेच देतात. खाकी रुमाल आणि घरांच्या नावांची वही माझ्याकडे.

स्वतःच्या बाकाचे त्यांनी काही सांगितले नाही, आणि खाकी कापड संपले आहे. वसंतांचा निळा शर्ट मी आजवर कपाटातून काढला नव्हता. त्याचा वीतभर तुकडा कापून मी कडा शिवल्या आहेत. पहिल्या बाकावर, भाऊंच्या जागी, खिडकीशी, दर रविवारी तो टाकलेला असेल. तो कुणी उचलू नये.