कोरड्या बोअरचे पाळक

माझं अक्षर किरटं आहे आणि शुद्धलेखन त्याहून वाईट. चौथीत शाळा सुटली, ऱ्हस्व-दीर्घ तिथंच राहून गेलं. ही वही नातीची, अर्धी कोरी उरलेली. कुणाला दाखवायची नाही, पण उद्या कुणाच्या हाती पडलीच तर वाचताना त्रास होईल, त्याची आधीच माफी मागते. आमच्या चर्चच्या शांतवन पाळकांबद्दल कुणीतरी लिहून ठेवायला हवं, असं बरेच दिवस मनात आहे. त्यांना पाहिलेली माणसं आता वस्तीत फार उरली नाहीत.

त्यांना मी पहिल्यांदा पाहिलं ते पाण्याच्या टँकरचा पाइप धरून उभे असताना. तेव्हा या शहराला सगळे औरंगाबादच म्हणत. छावणीच्या पलीकडं आमची वस्ती होती. कुणी सिल्लोडकडचे, आम्ही पाचोडचे, सगळे कामासाठी आलेले. माझा नवरा मोंढ्यात हमाली करायचा, मी चार घरची भांडी घासायची. टँकर तिसऱ्या दिवशी यायचा, वेळ ठरलेली नसायची. पाळकांनी लाकडाची एक बंद पडलेली वखार मिशनच्या पैशातून घेतली होती आणि तिथं दर रविवारी उपासना सुरू केली होती. सुरुवातीला पाच-सहाच माणसं बसायची.

उपासना चालू असताना टँकरचा भोंगा वाजला की ते शास्त्र, म्हणजे बायबल, मिटायचे. बाया हंडे घेऊन पळत, आणि त्यांच्यामागं बाह्या वर सारत तेही. पाइप दोन्ही हातांनी धरायचे, त्यामुळं ओढाओढी आणि शिव्या बंद झाल्या. शेवटचा हंडा भरला की ओल्या कपड्यांनी परत येऊन विचारायचे, "कुठवर आलो होतो आपण?" आतल्या कुणाला आठवायचं नाही. कौसाबाई म्हणून सिल्लोडकडची एक म्हातारी होती. ती कधी आत बसली नाही, पण भिंतीला टेकून सगळं ऐकायची. ती बाहेरून ओरडायची, "नावंत व्हते तुमचे लोक! वादळ सुटलं व्हतं!" मग पाळक म्हणायचे, "बरं झालं आठवलं कौसाबाई, नायतर बुडाले असते बिचारे."

वस्तीतल्या बाया त्यांना फादर म्हणायच्या. ते हसून सांगायचे, "मी फादर नाय बाई. तीन पोरांचा बाप हाय तेवढा." त्यांची पत्नी मार्थाबाई वखारीतच एका कोपऱ्यात पडदा लावून संसार करायची. कुणाचं बाळ आजारी असलं तर ती सोबत सरकारी दवाखान्यात जायची आणि दिवसभर ओळीत बसायची.

मी तिथं गेले ती मार्थाबाईमुळं. मला वाचता येतं हे तिनं पाळकांना सांगून टाकलं. पुढच्या रविवारी त्यांनी शास्त्र माझ्यापुढं धरलं. चार माणसांत मान वर करायची मला सवय नव्हती. मी पुस्तक घेऊन दाराआड जाऊन उभी राहिले. कुणीतरी हसलं. पाळक म्हणाले, "राहू द्या. आवाज येतोय ना? माणूस दिसलं पायजे असं कुठं लिवलंय?" पुढं दोन वर्षं मी दाराआडूनच वाचलं. त्यांनी एकदाही पुढं ये म्हटलं नाही. तिसऱ्या वर्षी मी आपोआप बाहेर आले. पुढं मी त्या मंडळीतली, म्हणजे चर्चची सभासद, झाले. नवरा झाला नाही, आणि त्याबद्दल पाळकांनी त्याला कधी छेडलं नाही.

एका उन्हाळ्यात टँकर आठ-आठ दिवस येईना. वखारीवर नवीन पत्रे टाकायचं ठरलं होतं. पाळक म्हणाले, "आधी पाणी. पत्रे काय, आकाश हायच वर." मिशननं कळवलं की बोअरसाठी पैसा नाही. तेव्हा ते घरोघरी फिरले आणि अकरा घरांतून उसने पैसे घेतले. त्यातली सातच घरं मंडळीतली होती. चौथी शिकलेली म्हणून नावं मीच लिहिली. नवऱ्याला विचारून माझेही नऊशे रुपये दिले. ते आम्ही दोघांनी दोन शेळ्यांसाठी साठवले होते. तो देताना म्हणाला होता, "तुझ्या शब्दावर पाळकाला देतो. माझा देव वेगळा, पैसा मात्र एकच हाय."

कौसाबाईनं तिच्या गावाकडचा पाणाड्या आणला. तो तळहातावर आडवा नारळ ठेवून फिरायचा, खाली पाणी असेल तिथं नारळ उभा राहतो म्हणायचा. वखारीच्या मागं, आवाराच्या भिंतीच्या आतल्या अंगाला नारळ उभा राहिला. आम्हाला वाटलं, पाळक नारळाला नाही म्हणतील. ते म्हणाले, "नारळाशी माझं भांडण नाय. पण पाणी आत लागलं तर घ्यायला येणार कोण? चर्चच्या आवारात पाय ठेवायचा म्हणून निम्म्या बाया लाजतील. त्यांच्या घरचे सोडणार नाहीत. रस्त्याच्या कडंला घ्या."

पाणाड्या म्हणाला, "पाणी रस्ता बघून व्हातं का, साहेब?"

त्यांनी ऐकलं नाही. मशीन रस्त्याच्या कडेला लागलं. दिवसभर सगळी वस्ती भोवती उभी होती. दोनशे साठ फुटांपर्यंत नुसती पांढरी भुकटी वर आली. आमच्या केसांवर, पापण्यांवर, हंड्यांवर भुकटी बसली. मशीनवाल्यानं हिशेब करून पैसे घेतले आणि तो निघून गेला. कौसाबाई तोंड पुसत म्हणाली, "देवाच्या माणसानं भुई चाळून दावली." कुणी हसलं नाही. घरी नवरा एवढंच बोलला, "नऊशे रुपयाची भुकटी झाली." नंतर पाळक रस्त्यात भेटले तरी तो मान फिरवायचा. ते मला फार लागायचं, कारण पैसे माझ्या शब्दावर गेले होते.

मंडळीतली दोन घरं यायची बंद झाली. देवाच्या नावावर पैसे खाल्ले, असं टँकरपाशी उघड बोललं जायला लागलं. मिशनचं पत्र आलं की तुम्ही जालन्याकडं जा, इथं दुसरा माणूस पाठवू. मार्थाबाईनं सामान बांधायला घेतलं होतं. पाळकांनी ते सोडून ठेवलं. रविवारी उभे राहून म्हणाले, "जागा मी चुकवली. पाणाड्यानं सांगितलं होतं, मी ऐकलं नाय. देणं ठेवून गेलो तर माझ्यामागं इथं देवाचं नाव कोण घेईल? अकरा घरं फिटल्याशिवाय मी जात नाय. आणि दानपेटीतला पैसा त्याला लावणार नाय."

लहानपणी मिशनच्या शाळेत ते सुतारकाम शिकले होते. सोमवारी छावणीत गफ्फारभाईच्या फर्निचरच्या कारखान्यात जाऊन उभे राहिले. गफ्फारभाईनं त्यांना रोजावर घेतलं. त्याची तक्रार वस्तीभर झाली होती. "पास्टर को इतवार को छुट्टी होना, मेरा कारखाना जुम्मे को बंद. और बीच में किसी का मय्यत हो गया तो ये रंदा छोड़ के भागते. पलंग क्या फरिश्ते बनाएंगे?" पण त्यानं त्यांना कधी काढलं नाही. उलट पगाराच्या दिवशी स्वतः वस्तीत येऊन बघायचा, पैसे खरंच वाटले जातात का ते.

पैसे वाटायला पाळक स्वतः जायचे. सगळ्यात आधी ते कौसाबाईकडं गेले. ती म्हणाली, "मी लई बोलले म्हणून मला आधी व्हय?"

"व्हय," ते म्हणाले. "तुमचं तोंड आधी बंद करतो, मग बाकीच्यांचं बघतो."

ती इतकी हसली की पदर तोंडात धरावा लागला.

दोन-अडीच वर्षांत आठ घरं फिटली. मग एक दिवस कौसाबाई पाच-सहा बायांना घेऊन वखारीत आली. पहिल्यांदाच आत आली. आपले परत मिळालेले पैसे तिनं पाळकांपुढं ठेवले आणि म्हणाली, "आता बोअर मागं घ्या. नारळ उभा राह्यला व्हता तिथं."

पाळक म्हणाले, "मी आता उसनं घेत नाय."

"तुम्हाला कोण देतंय? पाणी आम्हाला पायजे. तुम्ही फक्त बाजूला व्हा."

ते बाजूला झाले. बायांनीच मशीन बोलावलं. एकशे चाळीस फुटांवर पाणी लागलं. गार आणि थोडं खारट. पाळक त्या चिखलात चपलांसकट उभे होते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पहार घेतली आणि मागची भिंत पाडायला सुरुवात केली. गफ्फारभाई ओरडला, "अरे, चोर आएंगे!" ते म्हणाले, "येऊ द्या. पाणी पिऊन जातील." भिंत गेल्यावर बोअर गल्लीत उघडा झाला. आता कुणालाही आवारात यावं लागत नव्हतं. गल्लीतून सरळ हंडा लावायचा. त्या चर्चच्या आवाराला मागची भिंत आजही नाही. अजूनही उपासनेत हंड्यांचा आवाज येतो, आणि त्याशिवाय मला प्रार्थना झाल्यासारखी वाटत नाही. पाळक गेले त्या दिवशीही बायांनी आधी पाणी भरलं आणि मग त्यांना उचललं. त्यांनी तसंच सांगितलं असतं.

पाणी लागल्यावर लोक म्हणायला लागले, आता कसलं देणं, विसरा. पण ते कामाला जात राहिले. आणखी दोन घरं फिटली. शेवटी एक आमचंच राहिलं. मी काही बोलले नव्हते आणि बोलणारही नव्हते. त्यांनी मला थोडे थोडे करून सहाशे दिले होते. नवरा ते घ्यायचा, पण तोंड उघडायचा नाही.

एका संध्याकाळी ते आणि मार्थाबाई आमच्या दारात आले. नवरा खाटेवर बसला होता. पाळक उभ्यानंच म्हणाले, "रुखमाबाई, एक चूक बोअरची केली आणि एक तुमच्या बाबतीत. जे ओरडले त्यांना आधी दिलं. तुम्ही गप्प होता, म्हणून तुम्हाला चार वर्षं मागं ठेवलं. ते बरोबर नव्हतं." मला रडू आलं. मी म्हणाले, "राहू द्या, पाळकसाहेब, हे चर्चला घ्या."

"नाय. हे दान नाय. दान द्यायचं तर उद्या द्या. आज हे घरात घ्या."

त्यांनी तीनशे रुपये माझ्याऐवजी नवऱ्याच्या हातात दिले. त्यानं ते एकदा मोजले. मग पुन्हा मोजले. मार्थाबाई जमिनीकडं बघत होती. तो खाटेवरून उठला, खांद्यावरच्या टॉवेलनं खाट झटकली आणि म्हणाला, "पुरे नऊशे झाले. बसा, पाळकसाहेब."