हातातली थरथर

लेकीच्या नव्या गेम कन्सोलमधली मला एकच गोष्ट आवडते. पडद्यावरचा माणूस वाळूतून चालला की हातातला कंट्रोलर बारीक थरथरतो. खडीवर ती थरथर वेगळी, बर्फावर वेगळी.

अर्धांगवायूच्या झटक्यानंतर यांचा उजवा हात बधिर झाला. परवा दुपारी मी त्या हातात कंट्रोलर ठेवला, त्यांची बोटं माझ्या हाताने मिटून धरली आणि अंगठ्याने खेळातल्या माणसाला चालवू लागले.

"काही कळतंय?"

"नाही गं."

मला वाईटही वाटलं नाही. हल्ली फारसं काही वाटतच नाही. पण त्यांच्या बोटांमधून ती थरथर माझ्या तळव्यात येत होती.

"आता तो पाण्यात उतरलाय," मी म्हणाले.

त्यांनी डोळे मिटले. "सांगत राहा."