बेडकीची दोन चाकं

वहिनी नागपूरच्या जरीपटक्यातल्या माझ्या भाड्याच्या खोलीसमोर उभ्या होत्या आणि त्यांच्या दोन्ही हातांत एकेक चाक होतं. नरखेडकडच्या आमच्या गावाहून ती चाकं एसटीच्या टपावर टाकून त्या एकट्याच आल्या होत्या. कंडक्टरनं विचारलं म्हणे, "बाई, गाडी कुठं आहे?" तर ह्या म्हणाल्या, "मागून येऊन राहिली."

चाकं बेडकीची होती. बेडकी म्हणजे आमच्या संत्र्याच्या बागेतलं यंत्र. कुठल्याशा धरणाचं काम संपलं, तिथलं सामान लिलावात निघालं, त्यात दादानं ते घेतलं. चार लहान फुगीर चाकं, मागे इंजिन, पुढे एका माणसापुरती जागा. चिखल असो, बांध असो, उड्या मारत जायचं, म्हणून गावानं नाव ठेवलं बेडकी. दादा नोकरीला चंद्रपूरकडे, त्यामुळे ते चालवायला शिकल्या त्या वहिनी. मागे औषधाचा ड्रम जोडायच्या, पदर खोचायच्या आणि कोळशी रोगानं काळ्या पडलेल्या झाडांवर फवारा मारत ओळीओळीनं फिरायच्या. गाव बांधावर उभं राहून पाहायचं.

बाबांना ते पाहणंच खपत नव्हतं. अशात पुढच्या दोन चाकांत बाभळीचे काटे घुसले. आतून ठिगळं लावली, पण टायर परत चढवल्यावर हवा काही ठरेना. त्या चाकांत ट्यूब नसते. टायरची कड रिमच्या कडेला गच्च चिकटली तरच हवा आत राहते, आणि ती कड चिकटायलाच तयार नव्हती. बाबांनी लगेच काटोलचं गिऱ्हाईक पाहिलं. सोमवारी तो येणार. तोवर चाकं लागली तर लागली, नाहीतर बेडकी त्याची, आणि फवारणी मजुरांकडे. वहिनी कुठे, ते बाबांनी बोलून दाखवलं नाही. दाखवायची गरज नव्हती.

वहिनी माझ्या दारात आल्या तो रविवार होता.

आता सांगतो ते मी बायकोलाही सांगितलेलं नाही. बाबा त्याच्या आधीच नागपूरला येऊन गेले होते. निघताना चप्पल पायात सरकवत म्हणाले, "सून चाकं घेऊन तुह्याकडे येईन. घाई नको करू. लागू दे दोन-चार दिवस." मी "बरं" म्हणालो. मला मुली पाहणं सुरू होतं तेव्हा. एका घरी पोह्यांची बशी हातात देता देता मुलीच्या मामांनी विचारलं होतं, "तुमच्याकडच्या बाया इंजिन हाकतात म्हणे?" सगळे हसले, मीही हसलो, आणि कानाच्या पाळ्या गरम झाल्या. बेडकी गेली तर बरं, असं मलाच वाटत होतं. बाबांनी फक्त ते तोंडानं म्हटलं.

म्हणून ट्रकचे टायर बसवणारं मोठं दुकान माहीत असूनही मी वहिनींना बाजारामागच्या एका पंक्चरवाल्याकडे नेलं. सायकली, स्कूटरी एवढाच त्याचा पसारा. त्याची हवेची टाकी दम्याच्या माणसासारखी चालायची. मी मुद्दाम तिथं नेलं.

त्यानं चाक उलटंपालटं केलं. टायर आणि रिम यांच्यामध्ये बोट जाईल एवढी फट. नळी लावली, तर हवा एकीकडून शिरायची आणि चारीकडून फुसफुसत निघून जायची.

"बाई, ये नहीं होनेका. ट्यूब टाका."

"या मापाची ट्यूब आहे तुमच्याकडे?"

"नाही. नागपुरात नाही भेटणार."

"मग टाका काहून म्हणता, भाऊ?"

बाजूला चहा पीत बसलेला रिक्षावाला ठसकला. मी म्हणालो, "वहिनी, राहू द्या ना आज. उद्या पाहू कुठं." त्यांनी ऐकल्यासारखं केलं नाही. पिशवीतून बैलाचा कासरा काढला, टायरच्या मधोमध चहूकडून गुंडाळला, गाठ मारली, गाठीत दांडका घातला आणि पिळायला लागल्या.

"हे काय, बैल आणला काय?" रिक्षावाल्यानं विचारलं.

"बैल घरी आहे. तो सांगितलेलं ऐकते."

दोर पिळत गेला तसं टायरचं पोट मधून दबत गेलं आणि दोन्ही कडा बाहेर सरकायला लागल्या. पंक्चरवाला गुडघ्यावर बसला. "हे कोणं शिकवलं तुमाले?"

"शिकवाचं काय त्यात? पोत्याचं पोट आवळलं का कान बाहेर येते. कापूस भरताना पाहत नाही काय कोणी?"

मग घरून आणलेल्या रिठ्याच्या पाण्याचा फेस त्यांनी कडांना चोपडला, म्हणजे रबर सरकेल. चाकाच्या व्हॉल्व्हमधली बारीक पिन त्याला काढून ठेवायला लावली, म्हणजे हवेला वाट मोठी मिळेल. आणि म्हणाल्या, "थोडी थोडी नका सोडू. टाकी भरू द्या पूर्ण. मग एकदम."

टाकी खोकत खोकत भरली. त्यानं एकदम हवा सोडली. टायर थरथरला, आतून 'फट्' असा आवाज झाला, मग दुसऱ्या बाजूनं एक, आणि कड रिमवर जाऊन बसली. रिक्षावाल्यानं टाळी वाजवली. वहिनींनी झटकन दोर सोडला, पिन बसवली.

पण फेसाचे बुडबुडे थांबेनात. कडेच्या बाजूनं, एका ठिकाणी नाही, पाच-सहा ठिकाणी. चहाचा दुसरा कप संपेपर्यंत टायर पुन्हा पोकळ.

"रिम वाकडी आहे," पंक्चरवाला म्हणाला. त्याचा आवाज आता पडला होता. मघा त्याला ते टाळायचं होतं, आता त्याला ते व्हावंसं वाटत होतं.

वहिनींनी टायर उतरवून घेतला. रिमच्या कडेवर बोट फिरवलं, नखानं खरवडलं. लाल पापुद्रा निघाला, त्यात कडब्याची बारीक काडी रुतलेली.

तो रंग माझा होता. पोळ्याला मी गावी गेलो होतो, वहिनी माहेरी होत्या. बैलांची शिंगं रंगवून झाली, डबा अर्धा उरला, आणि त्याच वेळी ही दोन चाकं टायर काढून गोठ्यात पडलेली. सणाला बेडकीनं तरी काय पाप केलं, असं म्हणून मी रिमा आतून-बाहेरून लाल केल्या. चांगला जाड हात दिला. रंग ओला असतानाच कडब्याच्या गंजीला टेकवून ठेवल्या आणि नागपूरची गाडी पकडली.

बुडबुडे आले तेव्हाच मला उमगलं होतं. बोललो नाही. त्यांना कळलं नसतं तर दिवस निघून गेला असता, बाबांचं काम झालं असतं.

वहिनींनी करवतीचं पातं मागितलं आणि खाली बसून रंग खरवडायला लागल्या. कुरकुर नाही, चिडचिड नाही. दर वेळी पातं कडेला लागेल एवढंच दाबायच्या, लोखंडावर ओरखडा पडू नये म्हणून. एकदा पातं निसटलं, बोटाची साल गेली. ते बोट त्यांनी पदराला पुसलं आणि परत तिथूनच सुरू केलं जिथं थांबल्या होत्या. पंक्चरवाला दुसरी रिम घेऊन त्यांच्यासमोर बसला. मी स्टुलावर बसून होतो, घडी घातलेला रुमाल मानेला लावून. इतकं मन लावून काम करणारं माणूस मी कचेरीत पाहिलं नव्हतं, घरात पाहिलं नव्हतं, आणि आरशात तर नाहीच.

"वहिनी," मी म्हणालो, "रंग मी लावला."

"मले माहीत आहे."

"कसं?"

"सालदार गडी शिंगं रंगवते तं कशी सरळ रेघ येते. हे पाहा. गाईनं चाटल्यासारखं." रिक्षावाला पुन्हा ठसकला. "आता बसून काय राहिले भाऊजी? तो काचपेपर घ्या."

मी घेतला. संध्याकाळपर्यंत आम्ही तिघांनी मिळून दोन्ही रिमा घासल्या, आतून उघड्या लोखंडाच्या केल्या. पुन्हा कासरा, पुन्हा फेस, पुन्हा भरलेली टाकी. पहिलं चाक बसलं. दुसरं दोनदा हुकलं. तिसऱ्या वेळी दांडका मी पिळला, त्यांनी हातानं टायर उचलून धरला, आणि तेही बसलं. फेस शांत राहिला. एकही बुडबुडा नाही. पंक्चरवाला म्हणाला, "ताई, माझ्याकडे कामाला या." वहिनी म्हणाल्या, "तुमची टाकी आधी बरी करा."

चुकीच्या दुकानाचं मी त्या दिवशी बोललो नाही. पुढेही नाही. रंगाची चूक सांगण्यात फारसं काही गेलं नव्हतं. ती वेंधळेपणाची होती.

रविवारी शेवटच्या गाडीनं आम्ही दोघं गावी गेलो. सोमवारी गिऱ्हाईक खाटेवर बसलं होतं तेव्हा वहिनी चाकांचे नट आवळत होत्या. बाबा मला विहिरीकडे घेऊन गेले. "काहून रे? तुले सांगितलं होतं ना?"

काही तरी बनवून सांगता आलं असतं. मी म्हणालो, "बाबा, मी थांबवायला पाहिलं. त्यांनी ऐकलं नाही. चाक लागलं आहे, तुम्ही दाबून पाहा."

बाबांनी जाऊन अंगठ्यानं टायर दाबला. मग दुसरा. मग तळहातानं जोर देऊन पहिलाच पुन्हा. उठले आणि गिऱ्हाइकाला म्हणाले, "चाय घ्या. गाडा विकाचा नाही."

वहिनींनी ड्रम जोडला, इंजिन चालू केलं. त्या वर्षी बहर चांगला धरला होता, फांद्या फळांनी खाली आल्या होत्या, बेडकीवर बसलेल्या माणसाच्या तोंडावर येतील अशा. बाबा काठी घेऊन पुढे झाले आणि एकेक फांदी वर उचलून धरत चालायला लागले. ते वळून पाहत नव्हते. त्यांच्या मागून वहिनी, मान न वाकवता.