चिंचेच्या बोगद्यातली ओढणी

दारव्ह्याहून दिग्रसला जाणाऱ्या सडकेवर, आमच्या तांड्यापुढे, थोरल्या चिंचांची दुहेरी रांग होती. दोन्हीकडच्या फांद्या वर एकमेकींत गुंतलेल्या, त्यामुळे खाली भर दुपारी सांज झाल्यासारखं वाटे. मोटारवाले तिला बोगदा म्हणायचे. आमचे पूर्वज बैलांवर मीठ-धान्य लादून मुलूखभर फिरत, तेव्हा त्यांचा मुक्काम याच झाडांखाली पडे. पुढे आम्ही शेतकरी झालो, पण दिग्रसच्या जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कापूस नेताना बैल तिथं सोडायची रीत काही सुटली नाही. सगळ्यात मोठी झाडं दारव्ह्याकडच्या तोंडाशी होती. म्हणून गाड्याही तोंडाशीच उभ्या राहायच्या, अर्ध्या सडकेवर, जशी काही सडक आमच्या बापाची.

आमचा जिल्हा मुंबई राज्यात गेला, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातली गोष्ट. मी लग्न होऊन तांड्यात नवीनच आले होते. एके दुपारी उन्हातून आलेली सरकारी प्रवासी मोटार माझ्या सासऱ्यांच्या गाडीला मागून धडकली. गाडीचं एक चाक मोडलं आणि कापूस सडकभर पसरला. माणसं आणि बैल वाचले, एवढं नशीब.

सासरे तांड्याचे नाईक. राग कायम नाकावर.

"आंधया हायस काय? एवढी मोठी गाडी तुले दिसली नाही? आमाले तं तुही मोटार कोसावरून दिसून राह्यली होती!"

ड्रायव्हर दिग्रसचा, मुसलमान मिस्त्रींच्या घरातला, पोक्त माणूस. "नाईकजी, खुदा की कसम, नाही दिसली. उन्हातून अंधारात शिरलो का डोयापुढे नुसतं काळं येते. काहून इथंच गाड्या लावता तुमी? एखाद दिवशी माणूस मरीन. मी सायबाले सांगतो, हे झाडंच तोडून टाका म्हणतो."

त्यानं खरंच सांगितलं. थोड्याच दिवसांत सडक खात्याची माणसं येऊन चिंचांच्या बुंध्यांना चुन्याचे पट्टे ओढून गेली. होळी झाली की तोड सुरू होणार होती. तांड्यातल्या म्हाताऱ्या त्या झाडांना हात लावून रडल्या. चोराच्या उलट्या बोंबा, असं म्हणत मी त्या ड्रायव्हरच्या नावानं सगळ्यांत मोठ्यानं बोटं मोडली. आम्हाला मोटार लख्ख दिसते, तर त्याला गाडी का दिसू नये? सगळ्या तांड्याला हेच वाटत होतं.

मग मी दारव्ह्यापलीकडे, बोरी अरबला माहेरी जाऊन आले. परतताना मोटार त्याचीच निघाली आणि जागा मिळाली ती त्याच्या शेजारच्या बाकावर. चिंचा जवळ आल्या तसा त्यानं वेग कमी केला आणि एक डोळा मिटला. वा रे वा, म्हटलं, हा तर डोळे झाकून मोटार हाकतो!

आणि आम्ही सावलीत शिरलो. समोर काही नाही. सडक नाही, झाडं नाहीत, गाड्या नाहीत. मला ठाऊक होतं, बाजारचा दिवस आहे, आमच्या गाड्या इथंच असणार. तरी दिसेनात. दिसले ते फक्त चार-दोन ठिपके, चांदण्यांसारखे लुकलुकणारे. मोटार हळूहळू थांबली तेव्हा कळलं, ती माझ्या जावेच्या ओढणीवर जडवलेली आरशाची भिंगं होती. जाऊ नंतर दिसली, गाडी त्याच्याही नंतर, आणि गाडीवर बसलेला माझा नवरा सगळ्यात शेवटी. तो मघापासून माझ्याकडे बघून हसत होता! म्हणजे त्याला मी दिसत होते, मला तो नाही.

"एक डोया आधीच मिटून ठेवतो, बाई," ड्रायव्हर म्हणाला. "आत आलो का तो उघडतो. त्याले अंधाराची सवय झाली राह्यते. पर दर येळी तेवढं पुरत नाही."

त्या दिवशी मी त्याच्या नावानं बोटं मोडणं बंद केलं.

आमच्यात सून सासऱ्याशी थेट बोलत नाही. घुंगट ओढून मी नवऱ्याला सांगितलं, माझी भिंगांची ओढणी गाडीच्या मागं बांधू या. सासरे दोन हात अंतरावर बसलेले, सगळं ऐकत होते. ते नवऱ्याला म्हणाले, तिला सांग, घरच्या लक्ष्मीची ओढणी सडकेवर टांगायची नसते. नवऱ्यानं मान वळवून तेच मला पुन्हा सांगितलं. असं बराच वेळ चाललं. शेवटी माझं डोकं तापलं.

"बापू," मी थेट सासऱ्यांनाच म्हणाले, "ओढणी माझी आहे. माझ्या आईनं तिच्यात एकेक भिंग बसवलंय. तिची लाज मी सांभाळीन. झाडं गेली तर तुम्ही काय सांभाळणार?"

सासूनं कपाळावर हात मारला. सासरे उठून बाहेर गेले.

पुढच्या बाजारी मी गाडीच्या मागच्या बाजूला, मोटारीच्या वाटेकडे तोंड करून, ओढणी ताणून बांधली. सासऱ्यांनी पाहिलं. सोडली नाही, पण बरंही म्हटलं नाही. ड्रायव्हरला यातलं कुणी काही सांगितलेलं नव्हतं. आम्ही सगळ्या बायका झाडांखाली उभ्या राहिलो.

मोटार आली आणि पार बाहेर, उन्हातच थांबली. ड्रायव्हर उतरून पायी आत आला. ओढणीपुढे उभा राहून त्यानं मागं वळून उन्हाकडे पाहिलं, मग पुन्हा ओढणीकडे.

"तिथूनच चमकलं," तो म्हणाला. "हे कोणं बांधलं?"

मी घुंगट आणखी खाली ओढला.

"माह्या सुनेनं," सासरे म्हणाले. एवढ्या मोठ्यानं, की मोटारीत बसलेल्यांनीही माना बाहेर काढल्या.

"मंग झाडाचं मीच सायबाले सांगतो, नाईकजी. राहू द्या म्हणतो."

चिंचा राहिल्या. चुन्याचे पट्टे पुढं आपोआप पुसट होत गेले. पण त्या दुपारी ते आम्हाला कुठं ठाऊक होतं? मोटार आमच्या बाजूनं हळूच निघून गेली. सासरे ओढणीची सुटू आलेली गाठ स्वतः आवळत होते. मग नवऱ्याकडे न बघता, सगळ्या तांड्यादेखत, ते थेट मला म्हणाले, "बेटा, बाकीच्या गाड्याले कशी बांधाची, ते दाखव."