पार्श्वध्वनी

आपल्याच घराची माती करून मी पीएच.डी. मिळवली. लोक अजून अभिनंदन करतात.

सोनारीजवळ आमची वस्ती. वडील मेंढरं राखायचे आणि चैत्रातल्या यात्रेला भैरवनाथापुढं ओव्या म्हणायचे. अर्धी ओवी वडिलांनी उचलायची, उरलेली धाकट्या चुलत्यानं पुरी करायची. ज्याची अर्धी त्याचीच. दुसऱ्यानं ती तोंडात घ्यायची नाही, असा आमच्यात रिवाज.

विद्यापीठात खेड्यांतली गाणी संगणकावर जतन करायचा प्रकल्प निघाला, तेव्हा मी दोघांनाही ओसरीवर बसवून रेकॉर्डिंग केलं. नोंदीच्या तक्त्यात रकाना होता 'मुख्य गायक', तोही एकच. बाकी जे ऐकू येईल ते 'पार्श्वध्वनी'. कुत्रं, मोटारसायकल, मेंढरं आणि माझा चुलता, सगळे एका दावणीला. पार्श्वध्वनी काढून टाकायची सोय होती. मी काढला. मूळ फायली जागा अडवतात म्हणून पुसल्या.

रिवाज मला माहीत नव्हता असं नाही. पण वर्षभर 'पार्श्वध्वनी' हाच शब्द वापरून वापरून मला चुलता ऐकूच येईना. ओव्यांमधल्या रिकाम्या जागांना मी 'विराम' म्हटलं आणि एकट्या गायकाच्या विरामावर तीस पानांचं प्रकरण लिहिलं. मार्गदर्शकांना तेच सगळ्यात आवडलं.

यंदा संक्रांतीनंतर चुलता गेला. महिनाभरानं वडील माझ्याजवळ येऊन बसले.

"तुझ्या मशिनीत हाय न्हवं सगळं? लाव. त्याची अर्धी म्या पाठ करतो. रिवाज मोडंल, पर देवापुढली ओवी अर्धी ऱ्हायाला नगं."

मी लावलं. त्यांनी पहिली ऐकली, दुसरी ऐकली.

"ह्यात त्यो कुठंय गं?"

"आवाज साफ करताना गेला, आबा."

"त्यो काय कचरा व्हता व्हय?"

मला लाज वाटली. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

यात्रेला ते तरीही उभे राहिले. मी शेजारी होते. त्यांनी आपली अर्धी ओवी म्हटली आणि सवयीनं डावीकडं मान वळवून थांबले. तिथं मी उभी होते आणि मला पुढचा एक शब्दही येत नव्हता.